मनोगताची जागा

प्रदर्शनवाल्यांनी माझ्याकडे प्रत्येक कामाखाली लावायला शंभर शब्द मागितले होते. विषय : प्रक्रिया. म्हणजे हे तुम्हाला सुचलं कसं, आधी काय केलं, मग काय केलं, आणि हाच रंग का. माझ्या पंचवीस वर्षांतली चौदा कामं ते भिंतीवर लावणार होते. "लोकांना शेवटचं चित्र दिसतं, आम्हाला त्याच्या मागचं दाखवायचंय," असं संयोजिकाबाई म्हणाल्या. मी हो म्हणून मोकळी झाले. आधी हो म्हणायचं आणि मग कपाळाला हात लावायचा, हा माझा जुना रोग आहे.

लिहायला बसले आणि पहिल्याच कामाला अडले. एका रुग्णालयाच्या पाट्या होत्या त्या, रक्ततपासणी इकडे, क्ष-किरण तिकडे. मी लिहिलं, "रुग्णांच्या हालचालींचा सखोल अभ्यास करून बाणांची जाडी निश्चित केली." वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. कसला डोंबलाचा अभ्यास! मी पाटीचा कागद ताईच्या फ्रिजला चिकटवला होता आणि संध्याकाळी ताई म्हणाली होती, "ते बाण बघून मला वाटलं, आग लागलीय, पळा." एवढीच प्रक्रिया. दुसऱ्या दिवशी मी बाण बारीक केले.

दुसरं काम औषधाबरोबर येणाऱ्या घडीच्या कागदाचं. तिथेही ताई. "गोळी कधी घ्यायची ते सगळ्यात खाली का? तिथवर पोचेपर्यंत म्हातारं माणूस झोपून जाईल." तिसरं बियाण्यांच्या पाकिटांचं. "एवढं मोठं फूल छापू नकोस गं, उगवल्यावर लोक भांडायला येतील." चौथं एका कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ. मी ते जवळजवळ कोरं ठेवलं होतं आणि स्वतःवर भलतीच खूश होते. ताईने दिवसभर पाहून सांगितलं, "ह्याच्यावर भाजी चिरावीशी वाटते." मी कवीला हे सांगितलं नाही, फक्त कागद बदलला. पाचवं, सहावं, सातवं. चौदाच्या चौदा ठिकाणी मला एकच वाक्य लिहायचं होतं आणि तेच लिहिता येत नव्हतं, कारण ताई माझ्याशी चार वर्षं धड बोललेली नव्हती.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिने आयुष्यात कधी पेन्सिल धरून रेघ ओढली नाही. मी लहानपणी दिसेल त्या फरशीवर रेघोट्या मारायचे म्हणून ती मला खडू म्हणायची, आणि फरशी तीच पुसायची. पुढे मी ह्या धंद्यात पडले तेव्हा माझी खोली एवढीशी होती की भिंतीला पाठ टेकली तर समोरच्या भिंतीला पाय लागायचे. लांबून पाहायला जागाच नाही. म्हणून धंद्यातलं अगदी पहिलं काम, बुटांच्या पॉलिशच्या डबीचं झाकण, मी चालत दहा मिनिटांवरच्या ताईच्या घरी नेलं, तिच्या फ्रिजला लावलं, आणि विसरून गेले. संध्याकाळी ताई म्हणाली, "तो डबीवरचा घोडा कुणाचा आहे? सारखा माझ्याकडे रागाने बघत होता." मी पाहिलं, आणि खरंच, घोड्याची भुवई चढली होती. मी काढलेला घोडा, आणि मलाच ते दिसलं नव्हतं.

तिथून आमची पद्धत पडली. सकाळी कागद फ्रिजला लावायचा. काय आहे, कशासाठी आहे, काही सांगायचं नाही. ताई दिवसभर त्याच्यासमोरून जायची, दूध काढायची, भाजी काढायची, दार आपटायची. संध्याकाळी मी आधी कागद उतरवून पिशवीत घालायचे आणि मग विचारायचे, "काय होतं?" तिला जे आठवलं ते ठेवायचं. जे आठवलं नाही ते फुकट गेलं समजायचं, मग त्यावर मी आठवडा का घालवला असेना. आणि सगळं झाल्यावर, छापायला जायच्या आधी, शेवटचा नमुना लावायचा. त्यावर ती "जाऊ दे" म्हणाली की काम जायचं. ती "जाऊ दे" म्हणाली नाही तर मी छापखानेवाल्याला ताप आल्याचं सांगायचे. त्या माणसाच्या मते मी फार नाजूक प्रकृतीची बाई होते.

वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं, आणि भावोजींनी त्यातला एकही कागद पाहिला नाही. राहायचे त्याच घरात, पण त्यांना पाणीसुद्धा हातात लागायचं. फ्रिजच्या दारापर्यंत जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

भावोजींचा बिजागऱ्यांचा कारखाना आहे. दारांच्या, कपाटांच्या, पेट्यांच्या बिजागऱ्या. माणूस वाईट नाही. हात उगारणारा नाही, व्यसन नाही. फक्त ते बोलायला लागले की जगात दुसरं कुणी उरत नाही. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी एक पुस्तिका काढायचं ठरवलं, सोळा पानांची, जाड गुळगुळीत कागदावर. "आपली कलाकार घरात असताना बाहेर कशाला जायचं?" असं म्हणून काम माझ्या गळ्यात घातलं. मला ते 'कलाकार' म्हणतात ते कौतुकाने नाही, हे सांगायला नको.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पानं लावताना मजकूर बहुतेक वेळा हाती आलेला नसतो. मग त्या जागी काहीतरी बडबड भरून ठेवायची, म्हणजे किती ओळी बसतात, अक्षर केवढं लागेल ते कळतं. शहाणी माणसं त्यासाठी एक ठरलेला, कुणाला न लागणारा उतारा वापरतात. मी मनात येईल ते भरते. दिवसभर गिऱ्हाइकाला "हो साहेब, करते साहेब" म्हटल्यावर तेवढीच एक मोकळी जागा असते. खरा मजकूर आला की हा पुसून टाकायचा. मी शेकडो वेळा पुसलाय.

दुसऱ्या पानावर भावोजींचा फोटो होता आणि त्याखाली त्यांचं मनोगत यायचं होतं. त्या जागी मी भरून ठेवलं होतं : "इथे भावोजी स्वतःविषयी बोलतील. कारखाना आपण एकट्याने उभा केला, हे ते तीन वेळा सांगतील. पहिली सात वर्षं बिजागऱ्यांची खोकी जेवणाच्या टेबलावर माझ्या ताईने भरली, पत्रं तिने लिहिली, गिऱ्हाइकांची बोलणी तिने खाल्ली. तिचा उल्लेख इथे येणार नाही. फोटो मोठा ठेवावा."

मनोगत आलं. मी ते पानात घातलंही. पण संगणकावर 'शेवटचं', 'शेवटचं खरं' आणि 'शेवटचं आता नक्की' अशा तीन फायली होत्या, आणि छापखान्यात गेली ती भलतीच. तिथून सोळाही पानं एका मोठ्या कागदावर मांडलेला नमुना आला, तो मी पाकिटातून काढून तसाच ताईच्या फ्रिजला लावला. सोळा पानं इतक्या वेळा पाहिली होती की मला ती दिसेनाशी झाली होती. भावोजी म्हणाले होते, "मला वेळ नाही, तुझ्या ताईला दाखव." ताईने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ दे."

दोन हजार प्रती समारंभात वाटल्या गेल्या. भावोजी भाषण करत होते आणि समोरची माणसं मान खाली घालून वाचत होती. मग एकेकाचे खांदे हलायला लागले. भावोजींना वाटलं, आपल्या विनोदाला हसतायत, म्हणून त्यांनी तो पुन्हा सांगितला.

पुढचं सगळं माझ्या जिभेमुळे झालं. भावोजींनी सांगितलं, कारखान्यात येऊन सगळ्या कामगारांसमोर माफी माग. मी म्हणाले, "चूक छपाईची आहे भावोजी, मजकुराची नाही." असं वाक्य सुचलं की मला ते गिळता येत नाही. ते म्हणाले, मग ह्या घराची पायरी चढू नकोस. मी म्हणाले, नाही चढत. ताई तिथेच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आत गेली. मला तेव्हाच कळलं की मी तिच्या संसाराचे वाभाडे दोन हजार लोकांत वाटलेत, आणि ती मला हे कधी माफ करणार नाही. मी एक मात्र केलं. तो कागद त्यांच्याच फ्रिजवर दोन दिवस होता आणि ताईनेच तो जाऊ दिला होता, हे भावोजींना कळू दिलं नाही. ताई चित्रं बघते, बारीक अक्षरं वाचत नाही, हे मला ठाऊक होतं. तिच्यावर कशाला बालंट?

त्यानंतर वर्षातून दोनदा ताईचा फोन यायचा. तब्येत कशी आहे, बरी आहे. हवा कशी आहे, बरी आहे. मी कामं करत होते आणि ती छापलीही जात होती, दोन कामांना तर बक्षिसं मिळाली. मी माझ्या फ्रिजवर कागद लावून पाहिले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "कुठला कागद?" शेजारणीला विचारलं तर ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." ताईलाही काही कळत नव्हतं, पण ती कधी असं म्हणाली नाही. नव्या कामांत कुठे चूक आहे हे मला दिसायचं नाही, फक्त कुठेतरी आहे एवढं जाणवायचं. संध्याकाळी पाच-साडेपाचला हात आपोआप पिशवीकडे जायचा. बाजारात एकदा मागून तिच्यासारखा अंबाडा दिसला आणि मी एका परक्या बाईमागे दोन गल्ल्या गेले. चार वर्षांत मला इतकं एकटं दुसऱ्या कुणावाचून वाटलं नाही, आणि हे मी नवऱ्यासमोरही म्हणू शकते. तो बिचारा मानही डोलवेल.

शंभर शब्दांचा तो कागद समोर घेऊन मी तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी ठरवलं, जायचं. माफी मागायची, कामगारांसमोर तर कामगारांसमोर. अभिमान उराशी धरून कुठे जाणार होते मी?

मुद्दाम सव्वाचारला गेले. भावोजी पाचला येतात, चार वर्षांत ते बदललं नसणार. दार ताईने उघडलं. ती वाळली होती. चष्मा नवा होता.

"आलीस?" ती म्हणाली, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आल्यासारखं.

"आले."

"चपला आत घे, बाहेर कुत्रं पळवतं."

स्वयंपाकघरात बसलो. तिने चहा टाकला. मी येताना सगळं घोकून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हणून प्रदर्शनाचंच सांगितलं. चौदा कामं आहेत, प्रत्येकाखाली शंभर शब्द, आणि मला काही लिहिता येत नाहीये कारण खरं लिहायचं तर सगळीकडे तूच आहेस. एवढं बोलले आणि रडायलाच लागले, पन्नाशीची बाई.

"मला माफ कर गं," मी म्हणाले. "तुझ्या घरातलं मी चव्हाट्यावर मांडलं. भावोजी आले की त्यांचीही मागते माफी. ते म्हणतील तिथे, म्हणतील तशी."

ताई गाळणं हातात धरून उभी राहिली. चहा उतू जायला आला तेव्हा तिने न बघता गॅस बंद केला.

"मी वाचलं होतं," ती म्हणाली.

"छापून आल्यावर ना? ते तर सगळ्यांनीच..."

"आधी. फ्रिजवर. पहिल्याच दिवशी सकाळी, दूध काढताना."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"आधी मला वाटलं, तू विसरलीस. तुला फोन करायला निघाले होते. मग म्हटलं, अजून एकदा वाचू. दिवसभरात पाच-सहा वेळा वाचलं असेल. सात वर्षं, टेबल, खोकी. मला वाटायचं ते कुणाच्या लक्षातच नाही." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "सोळा पानं होती, खडू. यंत्रांची नावं होती, मेलेल्या मुकादमाचं नाव होतं, कारखान्यातल्या कुत्र्याचा फोटो होता. मी एवढ्याच ठिकाणी होते. म्हणून म्हटलं, जाऊ दे."

मी फ्रिजच्या दाराकडे पाहिलं. 

"नंतर ह्यांनी विचारलं, तू बघितलं होतंस ना? मी म्हटलं, मी फक्त चित्रं बघते. ते म्हणाले, तेही खरंच. आणि तू त्यांच्यासमोर उभी राहून सगळं स्वतःच्या अंगावर घेत होतीस. मला लाज वाटत होती तुला तोंड दाखवायची. फोनवर तुझा आवाज ऐकला की हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे."

चार वर्षं मी इकडे झुरत होते की तिने मला माफ केलं नाही, आणि ती तिकडे झुरत होती की मी तिला कशी माफ करेन. मला हसावं की रडावं कळेना. मी तिचा हात धरला. तो गार होता, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

"माफीबिफी काही मागायची नाहीस तू," ती म्हणाली. "ते आले की मीच सांगणार आहे. चार वर्षं रोज ठरवतेय. आज तू आहेस तर सांगून टाकते. काय करतील? बोलतील. बोलू देत."

तिचा चेहरा असा मी पूर्वी पाहिला होता, कागद पिशवीत गेल्यावर खरं सांगायच्या आधीचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पाचला गाडीचा आवाज आला. भावोजी आत आले, मला पाहिलं, आणि दारातच थांबले. त्यांचे केस गेले होते. "अरे वा. कलाकार," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला. ताईने ग्लास दिला नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, मला काही सांगायचंय."

"काय?"

"ते पुस्तिकेचं. तेव्हा ती..." तिने वाक्य तिथेच सोडून दिलं. तिने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "तेव्हा तो कागद..."

भावोजींच्या कपाळावर आठी चढली. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. ते उठतील, बोलतील, आणि ह्या वेळेस माझ्याशी नाही, तिच्याशी बोलतील, रोज, आयुष्यभर, जेवताना, झोपताना. मी माझ्या घरी निघून जाईन आणि ती इथे राहील. आणि अगदी खरं सांगायचं तर मला हेही दिसलं की दार पुन्हा बंद होईल. मला माझी ताई परत हवी होती. ती काय सांगायला उभी राहिली होती, त्याच्याशी मला तेवढं घेणंदेणं नव्हतं.

"भावोजी, माझं चुकलं," मी मोठ्याने म्हणाले. "ताई माझ्यासाठी शब्द टाकतेय, पण मीच सांगते. मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं. मला माफ करा."

भावोजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची आठी हळूहळू उतरली, आणि चेहऱ्यावर ते भाषणाच्या वेळचं हसू आलं. "चला, उशिरा का होईना, शहाणपण आलं," ते म्हणाले. "मीही काही मनात ठेवणारा माणूस नाही. कारखाना एकट्याने चालवायचा म्हणजे मन मोठं लागतं. बैस, जेवूनच जा."

मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटेल. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. खुर्चीची पाठ तिने सोडली होती. मग तिने टेबलावरचा ग्लास उचलला, पाण्याने भरला आणि त्यांच्या हातात दिला.

जेवताना सगळं छान होतं. भावोजींनी प्रदर्शनाची चौकशी केली, उद्घाटनाला आम्ही दोघंही येऊ म्हणाले, पहिल्या रांगेत जागा ठेव म्हणाले. मी जे मागायला आले होते ते सगळं मिळालं होतं. मी पिशवीतून प्रदर्शनाचं भित्तिपत्रक काढलं, अजून कच्चं होतं, आणि ताईसमोर धरलं. मधलं अक्षर डावीकडे कललंय असं मला दोन दिवस वाटत होतं.

"काय वाटतं?" मी विचारलं.

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ह्यांना विचार," ती म्हणाली. "मी काय, चित्रं बघते नुसती."

भावोजी भित्तिपत्रक हातात घेऊन रंगांविषयी बोलू लागले. ताईने मला आग्रह करून आणखी वाढलं, पाठीवरून हात फिरवला, "येत जा गं आता," असं दोनदा म्हणाली. मी मान डोलवत जेवत राहिले. ती माझ्या समोर, हात लावता येईल इतकी जवळ बसली होती, आणि मला तिची फार आठवण येत होती.